गोठणीचं गवत

गोजरच्या गोठ्यात गोचीड सापडलीच, तर ती गोजरच्या घरची नव्हे, कुणातरी पाहुण्याबरोबर आलेली, असं सगळ्या गावानं समजून चालायचं. तसा तिचा हुकूमच होता. मुरबाडहून जीपनं अर्धा तास आणि मग पायी चढण, अशा त्या साठ उंबऱ्यांच्या गावात दुसऱ्या कुणाच्या गोठ्याला वर्षातून दोनदा चुना लागत नव्हता. घरालाही लागत नव्हता. गोजरनं मात्र गोठ्याची फट न् फट शेणमातीनं बुजवली होती, आणि जी बुजली नाही तिच्यावरून पेटता काकडा फिरवला होता. एकदा त्या काकड्यानं कुडाचा कोपराच पेटला. तिच्या नवऱ्यानं, कुंडलिकनं, हंडाभर पाणी ओतून तो विझवला आणि एवढंच म्हणाला, "गोचीड ऱ्हायली, घर गेलं आसतं." त्यावर पाय न धुता गोठ्यात आलातच कसे, म्हणून तिनं त्यालाच फैलावर घेतलं.

तिच्या या वेडाला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तिची पहिली जर्सी गावच्या गुरांबरोबर चरायला जायची. अशाच अश्विनात तिला ताप भरला, लघवी लाल झाली, आणि डॉक्टर चढण चढून येईपर्यंत गाय आडवी झाली ती उठलीच नाही. गावठी गुरं त्याच रानात चरत होती, त्यांच्या अंगावर टपोऱ्या गोचिडी लोंबत होत्या, पण त्यांना ढिम्म काही झालं नाही. गावठी गुरांना सवय असते, जर्सीला ती नसते, असं डॉक्टर म्हणाला. गोजरनं त्याच दिवशी ठरवलं, दुसरी गाय आणीन पण तिचा खूर रानात पडू देणार नाही.

दुसरी आणली ती शेवंती. गणपतीत व्याली. तिचं दूध दोन्ही वेळा नाक्यावरच्या डेअरीत जायचं, आणि त्या दुधावर गोजरची मुलगी मिताली कल्याणला नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष होतं. दूध आटलं तर मितालीला सामान बांधून घरी यावं लागणार आणि घरी आलेल्या मुलीसाठी तिची आजी धोंडीबाई पंधरा दिवसांत स्थळ बघणार, हे गोजर पुरतं ओळखून होती. धोंडीबाईनं एक हेरूनही ठेवलं होतं. म्हणून शेवंती नुसती शिंकली तरी गोजर हातातलं काम टाकून गोठ्यात धावायची.

गावची गुरं नवशा राखायचा. पासष्टीचा माणूस, डावा गुडघा अधू, गावानं सुगीला घरटी भात घालायचं आणि त्यानं पाऊसकाळभर गुरं भातशेतापासून लांब ठेवायची, असा जुना रिवाज. शेवंती दावणीलाच राहणार हे कळल्यावर देवळाच्या पारावर तो हसत म्हणाला होता, "गाय हाय का नवी नवरी? उंबऱ्याभायेर पाऊल नाय!" पारावरचे चार जण हसले. गोजर तिथूनच चालली होती. "काका, तुमच्या गोठणीवर धाडून एक मारली. तेवढी पुरे." असं म्हणून ती जी गेली, ती त्यानंतर नवशाशी बोललीच नाही.

गोठण म्हणजे ओढ्याकाठची तीन करंजांची आणि एका जांभळाची जागा. सकाळभर चरलेली गुरं दुपारी तिथं सावलीला बसायची, रवंथ करायची आणि उन्हं कलली की उठायची.

आता गाय घरी बांधायची तर तिच्या तोंडाशी हिरवं आणून टाकायला हवं. आणि अश्विनात हिरव्याची मारामार. बांधावरचं गवत ज्याचं त्यानं कापून नेलेलं, उरलेलं पिवळं पडत चाललेलं. गोजर विळा कमरेला खोचून चार दिवस वणवण फिरली आणि पाचव्या दिवशी तिला घबाडच सापडलं. गोठणीच्या कडेला गुडघाभर गवत उभं होतं, कोवळं, हिरवंगार. कुणी कापलेलं नव्हतं, गुरांनीही तोंड लावलेलं नव्हतं. गावाला डोळे नाहीत, दुसरं काय! तिनं भारा बांधला, चुंबळीवर ठेवला आणि घरी आली.

शेवंतीनं गवत हुंगलं आणि मान फिरवली.

"नखरे!" म्हणून गोजरनं गवतावर मिठाचं पाणी शिंपडलं. मग गायीनं खाल्लं. दुसऱ्या दिवशीही मीठ, तिसऱ्या दिवशीही मीठ, आणि मग सवय झाली. गोजर सकाळीच, गुरं यायच्या आत, रोज एक भारा आणायला लागली. एकदा उशीर झाला तेव्हा नवशा पलीकडून ओरडला, "ए, ते गवत नको कापू गो!" गोजरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. करंजाकडे बघून म्हणाली, "गोठण काय कुनाच्या बापाची नाय," आणि दोन मुठी जास्तच कापल्या. भाऱ्यानं मानेला खाज सुटायची, पुरळ यायचं. नवं गवत खाजरंच असतं म्हणून ती खोबरेल चोळायची.

कोजागरीनंतर चौथ्या दिवशी सकाळी शेवंतीनं आंबोणाला तोंड लावलं नाही. कान गार, नाक कोरडं, रवंथ बंद. कासेला हात घातला तर रोजच्या निम्मंसुद्धा दूध नाही. गोजर तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हाताला चटका बसेल असं अंग तापलेलं. तेवढ्यात गाय मुतली. चुन्याच्या पांढऱ्या जमिनीवर कोऱ्या चहासारखा ओघळ गेला.

"अवो!" गोजर अशी ओरडली की कुंडलिक हातातलं मशेरीचं बोट तसंच घेऊन धावत आला.

हितेश डॉक्टर मुरबाडहून मोटारसायकलनं आला आणि चढण पायी चढला. तरुण, पायात गमबूट, बोलायला मऊ. त्यानं थर्मामीटर लावला, पापणी उलटी करून पाहिली. एरवी गुलाबी असायची ती पापणी कागदासारखी पांढरी पडली होती.

"गोचीड ताप हाय काकी."

"माज्या गोठ्यात गोचीड नाय."

"गोचीड चावली की तिच्या तोंडातनं किडा रक्तात जातो. रक्त फोडतो. तेच लघवीतनं पडतं."

"ते मला म्हाईत हाय. एक गाय मेली माजी. पन माज्या गोठ्यात गोचीड नाय!"

हितेशनं काही न बोलता शेपटी उचलली. मग कास आणि मांडी यांच्यातली घडी बोटांनी फाकवली. तिथं तिळाएवढे दाणे चिकटले होते. एक नव्हे, दोन नव्हे, मूठभर. त्यानं एक नखानं सोडवून तळहातावर ठेवला. तीळ चालायला लागला.

धोंडीबाई दारात उभी होती. "आमच्या टायमाला गोठ्यात चुना नव्हता आनि गोचिडीनं गायबी मरत नव्हती," ती म्हणाली. सासूला असलं बोलायला बरोबर वेळ सापडते. गोजरच्या कानशिलात कुणी मारावी तसं तिला झालं.

"चरायला कुठं सोडता?" हितेशनं विचारलं.

"सोडतच नाय."

"मग आलं कुठनं?"

त्यानं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, ते दोरीनं वाशाला टांगलं. दुसरं इंजेक्शन परवा. तोवर अंगावर ओली पोती, नाचणीची पातळ पेज नळीनं, आणि बाकी तिचं नशीब. लघवीचा रंग उतरला तर गाय वाचली, नाही उतरला तर त्याला बोलवायचीही गरज नाही, हेही त्यानं मऊ आवाजातच सांगितलं.

मग आलं कुठनं? हा प्रश्न गोजरच्या डोक्यात कुसळासारखा रुतून बसला. आधी तिनं कुंडलिकला धरलं. पाय न धुता येता, बैलांच्या अंगाला लागून तसेच गायीकडं येता. कुंडलिक म्हणाला, "आता काय अंघोळ करून शेण काढू?" मग तिनं बैल गोठ्यामागच्या पडवीतून काढून अंगणापार आंब्याला बांधले. मग धोंडीबाईच्या कोंबड्या गोठ्यातून हुसकल्या. आणि संध्याकाळी गुरं परत आली तेव्हा गोठ्याच्या कुडाला खरखर असा आवाज झाला. गावची एक म्हैस कुडाला अंग घासत उभी होती. मागून काठी टेकत नवशा येत होता.

झालं. सापडला.

गोजर पाराशी गेली तेव्हा दिवेलागण व्हायची होती, माणसं बसलेली होती. मधोमध गणू होता, मागल्या पंचायतीत उपसरपंच होता तो, पांढरा लेंगा, पांढरा सदरा, कडक इस्त्री. गोजरनं नवशाला सगळ्यांसमोर उभं केलं. लग्न होऊन आल्यापासून काका म्हणायची ती, आज सरळ नावावर आली.

"नवशा, तुजी गुरं माज्या कुडाला अंग घासतात. गोचिडी पाडतात. माजी गाय मरायला टेकली हाय. तुला गुरं राखायला ठेवलंय का गावाची गुरं मारायला?"

माणसं बघत होती. सारिका, गोजरची शेजारीण, जिनं दिवाळीला जर्सी घ्यायची ठरवलेली, ती म्हणाली, "खरं हाय, माज्यापन कुडाला घासतात."

गणूनं घसा साफ केला. "उद्यापास्नं नवशा, गुरं खालच्या वाटेनं आनायची नाय. वरच्या वाटेनं. गावाला वळसा घालून."

वरची वाट म्हणजे सरळ दगडांची चढण. नवशानं गुडघ्यावर हात ठेवला, मग काढला. "बरं," म्हणाला. गोजरला वाटलं होतं तो भांडेल. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस गोजर गोठ्यातच होती. पोतं सुकलं की पाणी, पेज, पुन्हा पोतं. कालवड दुधासाठी हंबरायची, तिला सारिकाच्या गावठी गायीला लावली. शेवंती पाय दुमडून बसली होती, मान कुशीला टेकून, आणि जर्सी अशी मान टाकून बसली की तिच्याकडे बघवत नाही. गोजर तिच्याशी भांडत होती. "ऊठ गो भवाने. तुज्यापायी मी गावात वाईट झाले. ऊठ, नायतर त्या पोरीचं वाटोळं हुईल." मितालीचा फोन आला तेव्हा तिनं सगळं ठीक आहे असं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर मोठ्यानं रडली. कुंडलिक दुसरं इंजेक्शन आणायला मुरबाडला गेला होता, धोंडीबाई सारिकाकडे होती, म्हणून तिला रडायला घर मोकळं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवंतीनं जीभ बाहेर काढून नाक चाटलं. लघवी अजून लाल, पण उतरती लाल. गोजरला वाटलं, आता कोवळं काही दिलं तर खाईल. विळा घेऊन ती तडक गोठणीवर गेली. दुपारची वेळ, सगळी गुरं बसलेली. जांभळाखाली नवशा गुडघ्याला रुईचं पान बांधत होता.

गोजर खाली वाकली. पहिली मूठ कापली.

"सूनबाय," नवशा म्हणाला. "मान दाखव बगू."

"काय?"

"भारा टेकतो तितली. मान."

तिचा हात आपसूक मानेकडे गेला. पुरळ, खपल्या. नवशानं आपलं धोतर वर केलं. पोटऱ्यांवर तसंच पुरळ, तशाच खपल्या, जुन्यावर नव्या.

"खाजरं गवत नाय ते. गोचिडीची पिल्लं हायत. दुपारला गुरं बसतात, रक्तानं फुगलेली गोचीड हितं गळते, हितंच अंडी घालते. पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढून बसतात. कोन येतंय बगत."

गोजर मूठ हातात धरून उभी राहिली. मग तिनं मूठ फेकली आणि हात लुगड्याला पुसला.

"मग सांगितलं का नाय तुमी?"

"बोललो की. तू करंजाशी बोललीस."

"धरून सांगायचं! भारा हिसकून घ्यायचा!"

"तुज्या हातातनं?" नवशा म्हणाला. "गुरं गवताला तोंड लावत नाय, का लावत नाय, येवडं तरी बगायचं. शेन पडतं तितलं गुरू खात नाय. तुजी गाय चरायला आली आसती ना, तरी हितलं खाल्लं नसतं तिनं."

मिठाचं पाणी. गोजरला मिठाचं पाणी आठवलं आणि तिला आपल्याच थोबाडीत मारावीशी वाटली. गायीला कळत होतं. गायीनं मान फिरवली होती. हिनं मीठ लावून लावून तिला भरवलं होतं. इतके दिवस गाय गोठणीवर नेली नाही म्हणून मिरवलं, आणि रोज सकाळी अख्खी गोठण डोक्यावर घेऊन घरी आणली.

"आनि तुमीबी तेच!" ती एकदम नवशावरच उसळली, कारण कुणावर तरी उसळायलाच हवं होतं. "हितं इतक्या गोचिडी, तर हितंच का बसवता गुरं?"

"मग कुठं बसवू? डोक्यावर?" आता नवशाचाही आवाज चढला. "तीन गोठणी होत्या गावाला. एक साल ही, एक साल वरची, एक साल पल्याडली. सोडलेलीला होळीनंतर आग लावायची. वर्सभर गुरू नाय आलं की गोचीड उपाशी मरते. पल्याडली रस्त्यात गेली. वरची गनूनं इकली, ममईवाल्याला. तार मारली, गेट मारलं. ममईवाला वर्सातनं दोनदा येतो, पोरं नाचवतो आनि जातो. चावी गनूकडं. दरसाल गुरं हितंच बसतात, मी काय करू?"

त्याच वरच्या गोठणीच्या तारेबाजूनं वरची वाट जाते. गणूनं नवशाला त्याच वाटेवर घातलं होतं, तिच्या तक्रारीवरून.

चौथ्या दिवशी सकाळी शेवंती उभी राहिली. चारही पाय थरथरत, पण उभी. लघवी पिवळी. दूध पावशेरभर, पण आलं. हितेश म्हणाला, "वाचली. दूध चढायला म्हैना जाईल, पन चढेल." गोजरनं त्याला गवताचं सांगितलं. तो म्हणाला, "हां, असंच आसनार," जशी काही ती पावसाची बातमी होती.

अकराच्या सुमाराला अंगण माणसांनी भरलं. मेलेल्या गायीला कुणी येत नाही, उठलेलीला सगळे येतात. सारिका आली, पारावरचे आले, गणू पांढऱ्याफेक लेंग्यात आला.

"बगा," गणू म्हणाला, "नवशाला वरच्या वाटेनं घातला आनि चौथ्या दिवशी गाय उठली. आजून काय पुरावा पायजे? मी तर म्हंतो, औंदापास्नं त्याला नकोच. पाळीपाळीनं राखू गुरं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. धोंडीबाईनंसुद्धा.

गोजर गायीची पाठ चोळत होती. गप्प बसणं सोपं होतं. गाय जगली होती, मिताली शिकणार होती, गाव तिच्या बाजूला होतं. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिनं पोतं खाली टाकलं.

"नवशाकाकांचं काय नाय त्यात. गवत मी आनलं, गोठणीचं. गोचिडी त्याच्यात होत्या. मीच घातल्या गायीच्या तोंडाशी."

मग सारिकाचे डोळे भरून आले. "किती मोठं मन गो काकी तुजं! म्हातारा मानूस म्हनून सोताच्या अंगावर घेतेस!"

"अंगावर घेत नाय! खरंच मी आनलं!"

"दमलात वैनी," गणू म्हणाला. "चार दिवस डोळ्याला डोळा नाय. गवतात कुठं गोचीड आसते? गोचीड गुरावर आसते. जरा पडा तुमी."

गोजरनं कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिकही कौतुकानं तिच्याकडे बघत होता. एवढी वर्षं दुसऱ्याच्या नावानं खडे फोडले तेव्हा सगळ्यांना पटलं, आणि आज पहिल्यांदा स्वतःची चूक कबूल केली तर कुणी मानायला तयार नाही! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"भावजी, चला," तिनं गणूची बाही धरली.

"कुठं?"

"चला म्हंते ना!"

चिडलेल्या बाईनं बाही धरल्यावर इस्त्रीचा सदरा फाडून घेण्यापेक्षा चालणं बरं, म्हणून गणू चालू लागला. मागून अख्खं अंगण निघालं. गोठणीवर गुरं नुकतीच बसली होती. नवशा जांभळाखालून उठून उभा राहिला. गोजरनं गणूला कडेच्या गवतात नेलं, गुडघाभर, आणि बाही न सोडता उभी राहिली. स्वतःही आतच.

"काय करायचं हितं?" गणू म्हणाला.

"उबं ऱ्हायचं."

थोडा वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी हसलं. मग सारिका पुढं वाकली आणि दोन पावलं मागे सरली. पांढऱ्या लेंग्यावर खालून वर तपकिरी ठिपके चढत होते. आधी घोट्याशी, मग पोटरीशी, मग इतके की कापडाचा रंगच खालून बदलत चालला. गणूनं लेंगा झटकला, हातावर आले. "आरं, आरं, आरं!" करत तो मागे फिरायला गेला. गोजरनं बाही ओढली.

"वरच्या गेटाची चावी कुनाकडं हाय?"

"माज्याकडं हाय, पन जागा मालकाची हाय वैनी, मला इचारावं लागंल…"

"इचारा."

"सोडा, घरी जाऊन फोन करतो."

"हितनंच करा."

गणूनं एका हातानं लेंगा झटकत दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला. कानाला लावला, काढला, वर धरला, पुन्हा लावला. गोजरच्याही पोटरीला चावे बसत होते. ती हलली नाही.

"रेंज नाय हितं," गणू रडकुंडीला येऊन म्हणाला.

"येईल," गोजर म्हणाली. "तवर उबे ऱ्हाऊ."